मारिया थेरेसाचे लेखातून राहून गेलेले काम

रविवारच्या पुरवणीतील, अठराव्या शतकातील ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्यावरील लेख वाचला. 16 बाळंतपणे, मुलींची लग्ने आणि फ्रान्सची राणी झालेली तिची मुलगी मारी आंत्वानेत यांतच तो आटोपला. 40 वर्षे राज्य केलेल्या राणीची ही ओळख फारच तोकडी. 1767 मध्ये ती देवीच्या आजारातून कशीबशी वाचली. पुढच्याच वर्षी तिने पोटच्या मुलांना देवी टोचून घेतल्या. एवढेच नव्हे, टोचलेल्या इतर मुलांना शोनब्रुन राजवाड्यात जेवायला बोलावून स्वतः वाढले. 1774 मध्ये मुलांसह मुलींनाही तिने प्राथमिक शाळा सक्तीची केली. अर्थात, प्रागमधून ज्यूंना हाकलण्याचा 1744 चा हुकूमही तिचाच. लग्नांच्या यादीऐवजी हे दोन्ही छापायला हवे होते.

— एक वाचक, सातारा