कोणते सर दिनशा?

संपादक महोदय,
स. न.

रविवार पुरवणीतला गिरणगावावरचा लेख आवडला. मात्र ज्या सर दिनशा पेटिट यांनी गिरण्या उभारल्या, त्यांचीच मुलगी रतनबाई हिने १९१८ साली बॅरिस्टर जीनांशी लग्न केले, असे त्यात म्हटले आहे. गिरण्यांचे सर दिनशा १९०१ सालीच वारले. रतनबाई तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती आणि नात्याने त्यांची पणती लागत होती. तिचे वडील हे दुसरे सर दिनशा.

यात लेखकापेक्षा दोष त्या किताबाचा जास्त. पेटिट घराण्याला १८९० मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली. ती वंशपरंपरेने थोरल्या पुरुष वारसाकडे जाते. मुंबईत तिला आणखी एक अट चिकटली: गादीवर येणाऱ्याने आपले नाव सोडून मूळ पुरुषाचे नाव घ्यायचे. रतनबाईच्या वडिलांचे जन्मनाव जीजीभॉय फ्रामजी. आजोबांचा किताब मिळाला आणि ते दिनशा माणेकजी झाले. ही प्रथा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्यापासूनची. १८५७ मध्ये ते पहिले भारतीय बॅरोनेट झाले, १८५९ मध्ये गेले, आणि १८६० च्या खास कायद्याने किताबासोबत मिळकतीची आणि नावाचीही सोय लावून दिली. मुलगा कर्सेटजी मग ‘सर जमशेटजी’ झाला आणि पुढच्या पिढ्याही तशाच. त्यामुळे १८७० च्या एखाद्या सभेत ‘सर जमशेटजी’ हजर असल्याचे वाचून ज. जी. (जे. जे.) रुग्णालयाचे संस्थापक डोळ्यांपुढे आणू नयेत.

त्याच लेखात पेटिटांना ‘ब्रिटिश उमराव’ही केले आहे. बॅरोनेट उमरावांत मोडत नाही. लॉर्ड्सच्या सभागृहात त्याला जागा नसते. ती वंशपरंपरागत जागा मिळालेले भारतीय एकच, १९१९ मध्ये बॅरन झालेले लॉर्ड सिन्हा. बॅरोनेटचा उगम तर सरळ पैशात आहे. १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाला आयर्लंडमधल्या अल्स्टरसाठी फौज हवी होती. तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च द्या आणि किताब घ्या, असा तो सौदा होता. शिपायाला रोज आठ पेन्स, म्हणजे तिसांचा दिवसाला एक पौंड (तेव्हा पौंडाचे पेन्स २४०), आणि एकूण १,०९५ पौंड. आमच्या शेटजींनी निदान रुग्णालये आणि शाळा तरी बांधल्या.

बॅरोनेट आणि नाइट दोघेही ‘सर’, पण नाइटचा किताब त्याच्याबरोबर संपतो. रामकृष्णपंत भांडारकर १९११ मध्ये ‘सर’ झाले, त्यांचे पुत्र देवदत्तपंत काही त्यामुळे ‘सर’ झाले नाहीत. शिवाय ‘सर’ नेहमी व्यक्तीच्या नावाला लागतो, आडनावाला नाही. ‘सर रामकृष्ण’ किंवा ‘सर रामकृष्ण भांडारकर’ बरोबर. आपल्याकडे सर्रास छापले जाणारे ‘सर भांडारकर’ चूक. पत्नीच्या बाबतीत उलटे: ‘लेडी’पुढे नवऱ्याचे आडनाव. स्वतःच्या नावाआधी ‘लेडी’ लावण्याचा मान ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल यांच्या मुलींचा. या हिशेबाने माहीमचा लेडी जमशेटजी रोडसुद्धा नियमात बसत नाही, कारण जमशेटजी हे नवऱ्याचे आडनाव नव्हे, नाव. पण त्याला हात लावू नये. जमशेटजींच्या पत्नी, ज्या आवाबाईंच्या पैशाने माहीमचा कॉजवे (खाडीवरचा रस्ता) झाला, त्यांना मुंबईने आपल्या पद्धतीने ओळखले, हेच ठीक आहे.

विनंती एवढीच, की या घराण्यांवर मजकूर किंवा जुने छायाचित्र छापताना नावापुढे ‘पहिले बॅरोनेट’, ‘दुसरे बॅरोनेट’ असा क्रमांक द्यावा आणि जमल्यास कंसात जन्मनावही. इंग्रजी संदर्भग्रंथांत हा क्रमांक असतो. मराठीत येताना तेवढाच गळतो.

आपला,
एक वाचक, माझगाव, मुंबई