पासवर्ड सांगू नका म्हणता, पण तो आहे कोणाकडे?

महोदय,

सोमवारच्या अंकात पासवर्ड सांभाळण्यावर तुम्ही दिलेला सल्ला वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, मान्य. पण ‘पासवर्ड कोणालाही सांगू नका’ हे वाचून आमच्या पारावर लोक हसले. आमच्याकडे बहुतेकांचे ईमेल सेतू केंद्रावर काढलेले. शिष्यवृत्तीच्या अर्जाला मेल आयडी लागतो, केंद्रवाला दोन मिनिटांत काढून देतो. पासवर्ड म्हणजे नाव आणि पुढे १२३, तोही त्याच्याच वहीत. ज्याचा मेल त्यालाच पासवर्ड ठाऊक नाही, तर तो सांगणार काय, कपाळ?

माझी पुतणी अमरावतीला शिकते. तिला मेल आला, ‘मेलबॉक्स भरला, २४ तासांत खाते बंद होईल.’ लिंक उघडली तर हुबेहूब गुगलचे पान. पोरीने पासवर्ड टाकला आणि सकाळपर्यंत खाते दुसऱ्याचे झाले. परत मिळवायचे तर ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो नंबर निघाला केंद्रवाल्याचा! जाब विचारला तर म्हणे, ‘‘तवा तुमच्या घरी मोबाइल तरी होता काय? म्हणून म्या माहाच टाकला.’’ वर ते सिम त्याने कधीचेच बंद केलेले.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथे प्रश्न एकच, ‘‘पैसे गेले काय? नाही ना, मंग?’’ अहो साहेब, ‘पासवर्ड विसरलात?’ दाबले की बाकी बऱ्याच खात्यांची दारे याच मेलवरून उघडतात. आणि फसवणुकीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. त्यात पैसे जाण्याची अट नाही. पैसे गेले तर १९३० ही सायबर हेल्पलाइन आहेच, ते आम्हालाही पाठ झाले आहे.

‘वेबपत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह पाहा’ हा तुमचा सल्ला तर धोक्याचाच. ते कुलूप फसव्या पानालाही असते. मधे कोणी वाचत नाही एवढीच त्याची हमी. पलीकडे चोरच बसला असेल तर कुलूप काय करणार? गुगलच्या क्रोम ब्राउझरने तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले. त्यापेक्षा मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करू नका, पत्ता स्वतः टाका, टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा) चालू करा आणि खात्यात नंबर कोणाचा आहे ते आजच बघा, एवढे छापले असते तरी पुरे होते. केंद्रवाल्यांनी गिऱ्हाइकाच्या खात्याला स्वतःचा नंबर लावू नये, अशी ताकीद जिल्हाधिकारी कार्यालयाने द्यावी, हे तुमच्या बातमीदाराने लावून धरावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. आर्णी, जि. यवतमाळ

ता. क. : त्याच पानाच्या तळाशी ‘घरबसल्या टायपिंग, भरघोस कमाई’ ही जाहिरात होती. पत्ता नाही, नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर. ती कोणी तपासली? आणि अंक अजूनही दुपारच्या एसटीनेच येतो, हे मागेही कळवले होते.