गाण्याचे पैसे भरायचे आहेत, खिडकी कुठे आहे?

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात बसून दुकानदारांच्या रील्स करतो. फरसाणवाले, साडीवाले, चणियाचोळीवाले, एक-दोन दातांचे डॉक्टर. कॉपीराइटचा कारभार आपल्या मंत्रालयाकडे आहे आणि आपला मतदारसंघ मुंबईत, म्हणून हे पत्र आपल्याला, आणि मराठीत.

मागणी आधीच सांगून टाकतो. सोशल मीडियावरच्या छोट्या जाहिरातीत गाणं वापरायचं असेल तर ते कोणाच्या मालकीचं, त्याचे किती पैसे आणि ते कुठे भरायचे, हे कोणालाही पाहता येईल असं जाहीर असावं. गाणं फुकट मागत नाही.

आत्ता काय होतं, ते एका रीलवरून सांगतो. एका फरसाणवाल्या काकांना लिल्या चिवड्याच्या रीलवर जुनं हिंदी सिनेमातलं गाणं हवं होतं. बूस्टसाठी, म्हणजे पैसे भरून रील जास्त लोकांना दाखवण्यासाठी, बजेट दोन हजार रुपये. मी गाण्याच्या मालक कंपनीला मेल टाकला. उत्तरादाखल एक फॉर्म आला: ब्रँडचं नाव, माध्यमं कोणती, किती महिने, किती सेकंद, किती एडिट, एक्स्क्लुझिव्ह हवं का, आणि सगळ्यात खाली, तुमचं बजेट किती. प्रदेशाच्या रकान्यात दोनच पर्याय, भारत किंवा जग. मी शेजारी आमच्या गावातल्याच 'मांडवी ते अलकापुरी' असं लिहून पाठवलं. भाव काही आला नाही. बऱ्याच दिवसांनी फोन आला, की एवढ्या लहान कामाचं आम्ही करत नाही.

काका म्हणाले, "अरे, मग पर्सनल अकाऊंटवरून टाक ना. तिकडे सगळी गाणी मिळतात."

मिळतात, हीच तर गोम आहे. इन्स्टाग्रामच्या पर्सनल अकाऊंटवर जी गाणी दिसतात ती खाजगी, बिगर-व्यापारी वापरासाठी. बिझनेस अकाऊंट केलं की त्यातली बरीचशी गायब होतात आणि रॉयल्टी-फ्री संगीताचा साठा हाती येतो, ज्यातलं निम्मं ऐकून लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. मग दुकानदार काय करतो, तर दुकानाचं अकाऊंट पुन्हा पर्सनल करून घेतो. बाजारात अर्धी दुकानं अशीच चाललेली आहेत. वर समजुतीही भरपूर. पंधरा सेकंदांपर्यंत फुकट असतं म्हणे. कायद्यात असं सेकंदांचं माप कुठेही नाही. गाण्याला क्रेडिट दिलं की झालं म्हणे. होत नाही. आणि जुलै 2023 मध्ये आपल्याच विभागाने लग्नसमारंभात गाणी वाजवणं उल्लंघन नाही अशी जी सूचना काढली, तिचा हवाला देऊन लोक मला विचारतात, "लगनमां वागे छे, तो रीलमां केम नहीं?" वरात वेगळी आणि जाहिरात वेगळी, हे समजावता समजावता माझा चहा गार होतो.

मग येते नोटीस. माझ्या ओळखीच्या एका साडीवाल्याला आली, जुन्या रीलवरून, नुकसानभरपाईच्या आकड्यासकट. कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 प्रमाणे मालक आपल्या गावच्या न्यायालयात दावा लावू शकतो, म्हणजे वडोदऱ्याच्या दुकानदाराने तारखेला मुंबई किंवा दिल्ली गाठायची. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. वकिलाने एवढं वाचून दाखवल्यावर कोण भांडत बसेल? साडीवाल्याने घासाघीस करून पैसे भरले. म्हणजे पाहा, परवानगी मागितली तर भाव मिळत नाही, न मागता वाजवलं की लगेच मिळतो.

घोळ का होतो, तर एका गाण्यात हक्क दोन. शब्द-चालीचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा एक. चित्राला गाणं जोडायच्या परवान्याला धंद्यात सिंक म्हणतात, त्यासाठी दोन्ही लागतात. नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीने, म्हणजे हक्कदारांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेने, दरपत्रक प्रसिद्ध करावं, असं कलम 33अ सांगतं. पण सिंकचा परवाना बहुतेक वेळा सोसायटी देतच नाही, मालक कंपनी थेट देते, आणि स्वतःचा हक्क स्वतः विकणाऱ्याला दर जाहीर करायचं बंधन नाही. रेडिओवाल्यांसाठी 2012 च्या दुरुस्तीत कलम 31ड आलं, त्यांचे दर ठरवायची सोय झाली. आमच्यासारख्यांचा तेव्हा कोणी विचार केला नव्हता, आणि करणार तरी कसा, तेव्हा रील नव्हती.

मालक कोण हे शोधणं हा तर निराळाच ताप. कॉपीराइटची नोंदणी आपल्याकडे ऐच्छिक आहे, त्यामुळे सरकारी नोंदवहीत गाणं सापडेलच असं नाही. आमच्या गावचंच उदाहरण घ्या. दरबारी गवई उस्ताद फैयाज खाँ 1950 साली इथेच वारले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची 60 वर्षांची मुदत केव्हाच संपली. 'प्रेमपिया' या नावाने त्यांनी बांधलेल्या चिजांचा हक्कही, मृत्यूनंतरची 60 वर्षं धरता, 2010 अखेर संपला. तरी त्यांची तबकडी एका रीलला लावली तर आपोआप दावा आला आणि आवाज म्यूट झाला, कारण तेच ध्वनिमुद्रण कोणीतरी नंतर पुन्हा बाजारात आणलेलं. खाँसाहेबांच्या गावात खाँसाहेब म्यूट! हक्क संपलेल्या ध्वनिमुद्रणांची सरकारी यादी असती तर ती दाखवून दावा खोडता आला असता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. सक्तीचा परवाना मी मागत नाही. आपलं भजन साबणाच्या जाहिरातीत नको, असं एखाद्या संगीतकाराला वाटलं तर त्याने नाही म्हणावं. फक्त ते नाही आठ दिवसांत कळावं. आणि ज्याला हो म्हणायचंय त्याचा दर आधीच लिहिलेला असावा. बडोदे संस्थानात 'कलावंत कारखाना' नावाचं खातंच होतं. कोणत्या कलावंताला काय द्यायचं, रजा किती, दंड कशाबद्दल, सगळं नियमांत बांधलेलं. दंडाचं कौतुक नाही, पण देणं-घेणं कागदावर होतं.

तेव्हा एवढं करावं. सरकारच्या लघुउद्योगांच्या 'उद्यम' नोंदणीत असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी लहान परवान्याचा वर्ग आखावा: एक रील, एक जिल्हा, तीन महिने, बूस्टच्या रकमेला धरून दर. कंपन्यांना बोलावून बसवा, त्यांचाही यात फायदाच आहे. आज या कामाचे त्यांना शून्य रुपये मिळतात, किंवा नोटिशीचे. दोन्ही हक्कांचे पैसे एकाच ठिकाणी भरले जावेत आणि पावतीचा नंबर प्लॅटफॉर्मला देता यावा, म्हणजे रील आपोआप म्यूट होणार नाही. गीतकार-संगीतकाराचा वाटा त्यातूनच वळता व्हावा. आणि पहिल्या चुकीला थेट नुकसानभरपाई न मागता, रील काढायला किंवा परवाना घ्यायला पंधरा दिवस द्यावेत.

वडोदऱ्यात नवरात्राच्या जाहिरातींची कामं श्रावणातच सुरू होतात. गरब्याचे पारंपरिक शब्द आणि चाल सगळ्यांची, पण त्याचं गाजलेलं ध्वनिमुद्रण कंपनीचं, त्यामुळे सगळ्यात जास्त नोटिसा याच हंगामातल्या रील्सवर येतात. निदान प्रायोगिक दरपत्रक त्याआधी निघालं, तर पहिला अर्ज चिवडेवाल्या काकांचा असेल. फॉर्म मी भरून ठेवला आहे, प्रदेशाचा रकाना तेवढा मोठा करा.

आपला,
दांडिया बाजारातला एक रीलवाला
वडोदरा