डॉक्टरांच्या घरातले किरकोळ आजारपण

संपादक महोदय,

डॉक्टरशी लग्न केलेल्या व्यक्तीची आजारपणात चांगली बडदास्त ठेवली जात असेल, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला बहुधा ‘काही नाही, व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल’ एवढेच वाक्य येते, आणि तेही मोबाइलवरची नजर न काढता. वाक्य चुकीचे नसते. साधी सर्दी विषाणूजन्य असते, तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो आणि बहुतेकांना ती आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. दिवसभर अत्यवस्थ रुग्ण पाहणाऱ्याचे मन ‘धोका आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नाशी थांबायला सरावते. ही सवय अतिदक्षता विभागात जीव वाचवते, घरात मात्र ती बेपर्वाई वाटते. अनोळखी रुग्णाला ‘कधीपासून दुखतंय, झोप लागली का’ असे आस्थेने विचारणारा माणूस अर्धशिशीमुळे अंधार करून पडलेल्या जोडीदाराला तेच विचारत नाही, ही तक्रार डॉक्टरांच्या घरांत (स्त्री डॉक्टरांच्याही) नवी नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिता जवळच्या नातलगांवर सहसा स्वतः उपचार करू नयेत असे सांगते, कारण नात्यामुळे तटस्थ निर्णय घेणे अवघड होते. तेव्हा तपासणी खुशाल दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवावी. पण कपाळावर हात ठेवून पाच मिनिटे शेजारी बसायला आचारसंहितेची आडकाठी नाही आणि आजार गंभीर असण्याचीही अट नाही.

– एका डॉक्टरची पत्नी