अकरावा सेकंद

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. पहाटेपासून पाऊस लागून राहिलाय. पप्पा दोनदा पंचगंगेच्या घाटापर्यंत जाऊन पाणी बघून आले आणि आता जेवून घोरतायत. हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला विचारतोस, "आई, पण तुला नक्की वाटतं ना काही नाही म्हणून?" मी म्हणते, "नाही रे बाळा." तिथंच आपलं बोलणं संपतं. म्हणून लिहायला बसले.

परवा रात्री पावणेदोनला तुझ्या घड्याळातली ईसीजी व्हॉट्सॲपवर आली. मी चष्मा शोधला, बघितली, "नॉर्मल आहे, झोप आता" असं लिहिलं. सकाळी चहा पिताना सहज वर सरकवत गेले, तर दिवाळीपासून अशा त्रेसष्ट पट्ट्या निघाल्या. त्रेसष्ट वेळा मी नॉर्मल लिहिलंय. एखादी पट्टी तुला आठवडाभर पुरली असेल, बाकीच्या दुसरा दिवससुद्धा नाही.

बत्तीस वर्षं ईसीजी काढण्यात गेली माझी. आजच्या मशीनवर बारा लीडची, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारी, नेहमीची पट्टी जेमतेम दहा सेकंदांची. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो, बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठे पाच चौकोन म्हणजे एक सेकंद. दहा सेकंदांत डॉक्टरला पुष्कळ दिसतं. पण भ्यायलेल्या माणसाला ती दहा सेकंदं दिसतच नाहीत, तो अकराव्या सेकंदाला काय झालं असेल ते विचारतो. तू हेच विचारलंस. मग होल्टर लावला, म्हणजे अंगावर बांधून अखंड ईसीजी घेणारं यंत्र, चोवीस तास. एक लाख चार हजारांवर ठोके मोजले गेले आणि त्यात एक्केचाळीस एक्टोपिक, म्हणजे वेळेआधी पडलेले ठोके, निघाले. डॉक्टर म्हणाले, धडधाकट माणसातही सापडतात, सोडून दे. तू लाख सोडलेस आणि एक्केचाळीस धरून बसलास. आता तुला पंचविसाव्या तासाचा घोर आहे. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, टीएमटीच्या पळत्या पट्ट्यावर ईसीजी लावून दम लागेस्तोवर पळालास, रक्तातलं ट्रोपोनिन दोनदा तपासून झालं. दर वेळी तू हसत बाहेर येतोस आणि पार्किंगमध्ये पोचायच्या आत कपाळाला आठी येते. पूजानं सांगितलं मला. तिच्यावर रागावू नकोस.

आता जे लिहिणार आहे ते पप्पांशिवाय कुणाला माहीत नाही.

दत्तामामा १९९८ च्या श्रावणात गेला, तेव्हा तू सात वर्षांचा. हार्ट अटॅकनं गेला एवढंच तुला माहीत आहे. हुपरीला चांदीच्या कामावर होता तो. दिवसाला बिडीचे दोन बंडल ओढायचा, साखर आयुष्यात कधी तपासली नाही. तीन दिवस छातीत आवळून येत होतं तर पित्त समजून सोडा पीत होता. चौथ्या दिवशी त्याला आमच्या दवाखान्यात आणला आणि त्याची ईसीजी मीच काढली. जेली लावली, रबरी फुगे छातीवर बसवले, "दत्ता, हलू नकोस" म्हटलं. कागद बाहेर यायला लागला आणि एसटी उचललेला दिसला, म्हणजे अटॅकची खूण. त्याला काही कळत नव्हतं, मला सगळं कळत होतं. पट्टी फाडून डॉक्टरांच्या हातात दिली. रात्री तो गेला. चव्वेचाळीसचा होता.

पंधरवड्यानं ड्युटीवर गेले आणि पहिल्याच रात्री माझ्या छातीत गचका बसला. एक ठोका चुकल्यासारखा, मग एक मोठा धप्प. मी आयामावशीला उठवलं आणि तिच्या मदतीनं माझीच ईसीजी काढली. चांगली होती. दोन दिवसांनी पुन्हा काढली. मग सवयच लागली. वॉर्ड शांत झाला की मी पलंगावर आडवी आणि मावशी फुगे लावतेय. महिनाअखेरीस डॉक्टर रजिस्टर बघत म्हणाले, "बाई, या महिन्यात रोल लवकर संपला." एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याहून वाईट वेगळंच आहे. तुला आठवतं का, झोपताना आपण एक खेळ खेळायचो? "बघ रे, आईची नाडी लागते का?" तू दोन बोटं मनगटावर ठेवायचास, जीभ बाहेर काढून मोजायचास. कौतुकानं पाहुण्यांनाही दाखवायचे मी, पोरगं डॉक्टर होणार म्हणून. तो खेळ नव्हता रे. रात्री माझा हात माझ्यावर विश्वास ठेवत नव्हता, म्हणून मी तुझी बोटं वापरत होते. आज तू मीटिंगमध्ये टेबलाखाली मनगट धरून बसतोस असं पूजा म्हणाली, तेव्हा मला धस्स झालं.

धस्स वरून आठवलं. तुझी आजी दिवसातून चारदा तरी म्हणायची, धस्स झालं, काळजाचं पाणी झालं, ऊर धपापला, जीव खालीवर झाला. भीती छातीत राहते हे आपल्या बोलीला आधीपासून ठाऊक आहे, आणि त्यापायी कुणी आजीचा टू-डी इको काढला नाही. तू मात्र भीतीला छातीत बघितलंस की तिला दुसरंच नाव देतोस.

तुझ्या कराडच्या रात्रीचंच घे. गाडी सातारा सोडून पुढं आली, तुला एक गचका जाणवला. तो एक्टोपिक. ठोका वेळेआधी पडतो, पाठोपाठ थोडी सुट्टी पडते, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. जाणवतो तो हा जोरातला. जागरण, चहा, काळजी यांनी वाढतात ते. तू घाबरलास, म्हणून शरीरानं ॲड्रेनॅलिन सोडलं, त्यानं हृदय आणखी पळालं, तू भराभरा श्वास घ्यायला लागलास. फार श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. डाव्या हाताला मुंग्या आल्या म्हणून तू बस थांबवून उतरलास. उजव्यालाही आल्या होत्या, तुझं लक्ष नव्हतं. कॅज्युअल्टीत ट्रोपोनिन काढलं, काही तासांनी पुन्हा काढलं, कारण हृदयाला इजा झाली असेल तर ते रक्तात चढायला वेळ लागतो. दोन्ही निल. तोवर पप्पा शेजारच्यांची गाडी घेऊन तिथं पोचले होते. येताना दोघं एक शब्द बोलला नाहीत म्हणे.

त्या रात्री तू उतरलास ते चुकलं असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा होतं तेव्हा बघायलाच हवं. चूक झाली असेल तर नंतरची, म्हणजे माझी. तू विचारायचंस, मी उत्तर द्यायचं. दर उत्तरानं तुला तासभर बरं वाटायचं आणि डोक्यात एवढंच पक्कं व्हायचं की आईला विचारलं म्हणून वाचलो.

मी त्यातून निघाले ते ईसीजीनं नाही. पप्पांनी मला राजारामपुरीत मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. मी आत, आणि हे बाहेर स्कूटरवर, ओळखीचं कुणी येतंय का बघत. त्या काळी लाज वाटायची. डॉक्टरांनी गोळी दिली. लागू पडायला काही आठवडे गेले. मी आठ महिने घेतली आणि त्यांनीच हळूहळू कमी करून थांबवली. त्यांनी एक वहीही करायला लावली. दिवसात किती वेळा नाडी बघितली, तेवढ्या रेघा मारायच्या. पहिल्या दिवशी जेवणाआधीच बावीस रेघा झाल्या. मग म्हणाले, बंद करू नका, पंधरा मिनिटं उशिरा बघा. ती पंधरा मिनिटं, सौरभ, बाळंतपणाच्या कळांपेक्षा लांब होती. मी ओट्यापाशी भाकरी थापत उभी राहिले आणि घड्याळाकडे बघत राहिले. मेले नाही. त्या दिवसाचा निकाल एवढाच लागला. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं.

जिने चढायचं सोडलं होतं मी, कारण चढलं की धडधड व्हायची. आता चढल्यावर धडधडणारच की! जोतिबाला जायचं तर गाडी थेट वर न्यायला लावायचे. पप्पा रोज पहाटे रंकाळ्यावर न्यायला लागले. आधी संध्यामठापर्यंत, मग शालिनी पॅलेसपर्यंत. महिन्या-दीड महिन्यानं आम्ही बोलत बोलत पूर्ण फेरी मारून आलो आणि गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यालो. मग माझ्या लक्षात आलं, की आज नाडी बघायची राहिली.

गचके आजही येतात मला. काल कपडे वाळत घालताना आला एक. आला, गेला, चिमटे संपले होते ते आणायला मी आत गेले.

तुझ्या हृदयाला कधीच काही होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. पप्पांच्या नाही, माझ्याही नाही. त्रेसष्ट वेळा तू तेच मागत होतास आणि मी ते दिल्याचं सोंग करत होते. म्हणून आता थांबते. यापुढं तुझी पट्टी आली तर मी वाचणार नाही. फोनवर "काही होणार नाही ना" विचारलंस तर मी जेवणाचं विचारेन. तुला राग येईल, येऊ दे. पूजाशीही बोलले आहे, तीही तसंच करेल. तसंही घड्याळाची पट्टी एका लीडची असते. ठोक्याची लय कळते तिच्यात, अटॅक आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही. मी बत्तीस वर्षं हे काम करून त्यावर नॉर्मल लिहीत होते, त्याची मलाच लाज वाटते.

मामाचं उदाहरण तू सारखं देतोस. आनुवंशिकता बघताना डॉक्टर आधी आईवडील आणि सख्खी भावंडं बघतात, त्यातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला का ते. त्या हिशेबानं मामा माझ्या खात्यात पडतो, तुझ्या नाही. तू बिडी ओढत नाहीस. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल डॉक्टर म्हणतील तेव्हा बघ, आणि डॉक्टर एकच धर. पाच जणांना पाच फाइली दाखवत फिरतोस आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतोस, त्यानं काय होणार?

मामासारखं मात्र करायचं नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब आला, चालताना वाढला आणि थांबूनही जाईना, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकला, दरदरून घाम आला, दम कोंडला, चक्कर येऊन पडलास, तर मला काही पाठवायचं नाही. १०८ ला फोन लावायचा आणि जवळचा दवाखाना गाठायचा. तिथं पंधरा मिनिटांचा नियम नाही. आणि बोटानं दाबल्यावर बरगडीला दुखतं, ज्यानं तू परवा टीएमटीच्या डॉक्टरांसमोर ओरडलास, ते काय आहे हे त्यांनी तुला सांगितलेलं आहे. मी पुन्हा सांगणार नाही. बघ, सुरुवात झाली.

पुण्यात मानसोपचार करणारी चांगली माणसं आहेत. विचारांची अशी सवय मोडायची रीतसर पद्धत आता आहे, सीबीटी म्हणतात, माझ्या वहीचीच शिकलेली बहीण म्हण. एखाद्या रात्री फारच जीव घाबरला तर टेली-मानसचा १४४१६ आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. लाजायचं काय त्यात? स्कूटरवर बसून राहायला पप्पा अजून आहेत.

काल माळ्यावरून तो बिस्किटाचा डबा काढला, माझ्या १९९८ च्या पट्ट्या ठेवलेला. तुला एखादी पाठवावी म्हटलं, आई किती खुळी होती ते बघ म्हणून. उघडला तर सगळ्या कोऱ्या. तो कागद उष्णतेवर उमटणारा, वर्षांनी पुसट होत जातो. तारखा तेवढ्या दिसतात, कारण त्या मी बॉलपेननं लिहिल्या होत्या. एवढ्या जपून ठेवल्या, आणि त्यात आता बघायला काही नाही. डबा घासून ठेवलाय, शंकरपाळ्या भरते.

गणपतीला चार दिवस रजा काढून ये. पांढरा रस्सा खाणार नाही म्हणून फोनवर आधीच सांगू नकोस, गणपती गेल्यावर एक दिवस राहा आणि खाऊन जा. गाडीत गचका बसला तर बसू दे. उतरायचंच असेल तर पेठनाक्याला उतर आणि चहा पी.

तुझी,
आई

ता. क. पप्पा उठलेत. म्हणतात, पट्टी बघून नुसत्या निळ्या खुणा दिल्या तरी पोराला बरं वाटेल. मी नाही म्हटलं, ते उत्तरच झालं. मग म्हणाले, मला पाठवू दे, मला तसंही त्यातलं काही कळत नाही. त्यांनाही पाठवू नकोस.