बांधावर कुत्रा मोकळा नको

महोदय,

रोज सकाळी कुत्र्याला घेऊन गोव्यातल्या चोडण बेटावर खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या, बांधावरून फिरतो. परवा मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, तो हुंगत अडून बसला. वाकून पाहतो तर पाणमांजराची ताजी विष्ठा. त्यात माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे लाल तुकडे. प्राणी काही दिसला नाही. (कुत्र्याचे नाक माझ्या चष्म्यापेक्षा तिखट, एवढे मान्य.)

पुढे टिटवीने मात्र ओरडून डोके उठवले. ती उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुधा चार, ढेकळांत मिसळून जाणारी. मोकाट कुत्रा ती सहज तुडवतो. इथे काहीजण पट्टा सोडून मोबाईल बघत बसतात. त्यांनी निदान उन्हाळ्यात तरी दोरी हातात ठेवावी.

– एक वाचक, चोडण