रात्री फोन करणाऱ्या लॅबमधल्या दादांना

दादा,

त्या रात्री मी फोन आदळला होता, हे आधीच कबूल करते.

पावणेदोन वाजले होते. चार महिन्यांचं बाळ, श्वास मिनिटाला ६८, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. दूध ओढायलाही त्याला दम पुरत नव्हता. नाकातला स्वॅब घेतला, बाटलीत घातला आणि पाठवून दिला. दहा मिनिटांत तुमचा फोन आला, "सिस्टर, बाटलीवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर जुळत नाही. दोन्ही स्वॅब नव्याने लागतील."

"नाव तर तेच आहे ना!" मी वैतागले.

"नाव तेच आहे, म्हणूनच फोन केला."

वॉर्डात त्या रात्री एकाच नावा-आडनावाची दोन बाळं होती आणि दोघांच्या बाटल्या मी एकाच ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. बाळाच्या नाकात पुन्हा काडी घालताना त्याच्या आईने माझ्याकडे जे पाहिलं, त्याचा राग मी तुमच्यावर काढला.

तीनच्या सुमारास पुन्हा तुमचा फोन. चार महिन्यांच्या बाळाला आरएसव्ही, म्हणजे तान्ह्या बाळांच्या श्वासनलिकांना सूज आणणारा विषाणू, आणि दुसऱ्या नऊ महिन्यांच्या बाळाला इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू. रिपोर्ट लिहून घेतला, तुम्हाला वाचून दाखवला आणि मगच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बाटल्या तशाच मशिनमध्ये गेल्या असत्या, तर आम्ही आरएसव्हीचं बाळ फ्लूच्या खोलीत नेलं असतं आणि फ्लूचं आरएसव्हीच्या. आपापला आजार होताच, वर एकमेकांचाही लागला असता. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर चुकीच्या बाळाला गेलं असतं. ते आरएसव्हीवर चालत नाही, आणि फ्लूत त्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो तो पहिल्या ४८ तासांत. नऊ महिन्यांच्या बाळाचा ताप आदल्या सकाळी सुरू झालेला. त्याला पहिला डोस पहाटेच गेला.

आरएसव्हीच्या बाळाला तसं नेमकं औषध नव्हतंच. ऑक्सिजन, नाक साफ करणं, नळीने दूध. मग टेस्ट कशाला, असं मीही पूर्वी म्हणायचे. पण हा विषाणू हातावरून, कॉटच्या कठड्यावरून पुढच्या बाळापर्यंत जातो. त्याला वेगळ्या खोलीत हलवलं, दारावर गाऊन-ग्लोव्हजची पाटी लावली. डॉक्टरांनी लिहिलेलं अँटिबायोटिकही थांबलं. निव्वळ तुमच्या रिपोर्टवर नाही हं. विषाणू सापडला म्हणजे जिवाणू नसतीलच असं नसतं. एक्स-रे आणि रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी ते ठरवलं. तरी पहिली शंका तुमच्या फोनमुळेच आली.

मी नोकरीला लागले तेव्हा असे स्वॅब बाहेर जायचे. रिपोर्ट यायचा तोवर मूल घरी गेलेलं असायचं आणि कागद फाइलला लागायचा. आता नमुना भरलेलं कार्ट्रिज मशिनमध्ये घातलं की पाऊण तासात चार विषाणूंचं उत्तर मिळतं. पण खरं सांगू? पाऊण तासाचं कौतुक मला तेवढं नाही. तीन वाजता कॉम्प्युटरवर चढलेला रिपोर्ट सकाळी आठच्या राउंडला कुणी उघडला, तर ती टेस्ट पाच तासांची झाली. तुम्ही फोन उचलता, म्हणून ती पाऊण तासाची राहते.

आणखी एक तुमच्याकडूनच शिकले. पंधरा मिनिटांच्या अँटिजेन पट्टीवर दुसरी रेघ आली नाही, की आम्ही "फ्लू नाही" म्हणून मोकळे व्हायचो. "रेघ आली तर विश्वास ठेवा, नाही आली तर मला पीसीआरला, म्हणजे मशिनवरच्या टेस्टला, पाठवा," असं तुम्ही सांगितलंत. हे आता आमच्या ड्यूटी रूमच्या भिंतीवर लिहिलंय. अक्षर माझं आहे, त्यामुळे जरा वाकडं आहे.

परवा पुन्हा एकाच नावाची दोन बाळं आली. एका बाळाचा स्वॅब घेतला, तिथेच कॉटपाशी लेबल लावलं, मनगटावरच्या पट्टीशी नंबर ताडून पाहिला, झाकण घट्ट केलं, आणि मगच दुसऱ्याकडे गेले. तुमचा फोन एकदाच आला, रिपोर्ट सांगायला.

आदळलेल्या फोनबद्दल माफ करा, दादा. आणि मनापासून आभार.

तुमची,
लहान मुलांच्या वॉर्डातली रात्रपाळीची सिस्टर